ती बसत नाही

ते बटण दाबू नकोस. हाताने लाव ती डिकी.

हस, हस. गाडी तुझी, बटण तुझं, हप्तेही तूच भरणार आहेस बाबा. पण तुझा मामा या पायरीवर बसलाय तोवर अंधार पडल्यावर त्या बटणाला हात लावायचा नाही. हां, अशी. दोन्ही हातांनी दाब. वाजली ना खट्ट? झालं तर मग. एवढ्यासाठी मोटर कशाला लागते तुम्हाला?

का म्हणून विचारू नकोस. बरं, विचारलंसच तर बस. तूही बस गं, आणि तो मोबाईल पालथा ठेव. मध्ये मध्ये फाटे फोडाल तर मी उठून झोपायला जाईन, सांगून ठेवतो.

मी स्पेअर पार्टच्या दुकानात होतो ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या समोर गाड्यांचा एक इलेक्ट्रिशियन बसायचा. कानावर पेन्सिल अडकवावी तसा टेस्टर अडकवलेला, म्हणून त्याला सगळे टेस्टरच म्हणायचे. चिडली की बायकोसुद्धा. नाकासमोर चालणारा माणूस. हातावर पोट, आणि त्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं. कारण त्याच्या उस्तादाची तीन बोटं पंख्यात गेली होती आणि त्या दिवसापासून उस्ताद बाकावर बसून नुसता रस्ता बघायचा. टेस्टरच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, ते डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून तिचं एक ठरलेलं होतं. हा निघाला की म्हणायची, "दहा नेताय, दहा आणा." आणि रात्री हा दारात दोन्ही पंजे पसरून उभा राहायचा. ती एक एक बोट मोजायची, मगच आत घ्यायची. आम्ही टिंगल करायचो. म्हणायचो, वहिनी, पावती पण देत जा. ती हसायची, पण मोजायची सोडायची नाही.

तर नोव्हेंबरची सतरा तारीख. मंगळवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच रंगवत नाही मी. रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टेस्टरचा फोन वाजला. तो नुकताच हातपाय धुऊन बसलेला, वहिनी मशीनवर कुणाचंतरी शिवण संपवत होती.

फोनवरचा माणूस म्हणाला, "ती बसत नाही."

टेस्टर म्हणाला, "कुठली गाडी?"

"मोठी आहे. मागे बटणवाली."

"अच्छा. लॉक लागत नाही का?"

"दुपारपासून दाबतोय. खाली जाते आणि परत वर येते. मला पहाटे निघायचंय आणि ती बसत नाही."

आता सांगा, यात टेस्टरने काय वेगळं समजायचं? आपल्याकडे डिकी म्हणजे तीच. बॉनेट असतं तर ते म्हटलं असतं, दरवाजा असता तर तो. डिकी बसत नाही, दार बसत नाही, लॉक बसत नाही, गॅरेजमध्ये दिवसभर हेच बोलतात. टेस्टरने पत्ता विचारला, स्कूटरला पेटी बांधली, एक छोटी बॅटरी घेतली. जाता जाता वहिनीच्या मशीनवरचा शिलाईचा खडू उचलला. गुलाबी. ती ओरडली, "एकच राहिलाय तो!" हा म्हणाला, "आणतो गं परत." कुठली वस्तू कुठे टेकते हे बघायला तो खडू वापरायचा. कडेला खडू फासायचा, दार लावायचं, उघडायचं. जिथे खडू पुसला गेला तिथे ते घासतंय. उस्तादाची शिकवण.

"दहा नेताय..." वहिनी म्हणाली.

"दहा आणतो," तो म्हणाला आणि निघाला.

गल्लीतलं शेवटचं घर. रस्त्यावरचा दिवा तीन घरं अलीकडेच संपत होता. फाटक उघडं होतं म्हणून स्कूटर बाहेर लावून हा पेटी घेऊन आत गेला. पत्र्याची शेड, एक ट्यूब, खाली राखाडी रंगाची मोठी गाडी, फाटकाकडे तोंड... चुकलो, डिकी फाटकाकडे. वर उघडी. जमीन ओली, नुकतीच धुतलेली. घराच्या पायरीशी बायकी चप्पल. एकच.

गाडीवाला चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. टेस्टर त्याच्याहून वयाने दहा वर्षांनी मोठा, पण गाडीवाला पहिल्यांदा काय बोलला असेल?

"उशीर केलास."

टेस्टरने मनात चार शिव्या हासडल्या. गिऱ्हाईक म्हटल्यावर गिळायचं. तो म्हणाला, "साहेब, हाताला काय झालं? डिकीत सापडला का?"

"चावली."

कुत्री असेल, टेस्टरला वाटलं. शेडमध्ये कुत्री नव्हती. साखळीही नव्हती.

मग तो कामाला लागला. काम सुरू झालं की त्याला दुसरं काही दिसत नसे. आधी बॅटरी तपासली. बारा पॉइंट सहा व्होल्ट, ठणठणीत. मग लॉक. स्क्रूड्रायव्हर घालून लॉकचा आकडा हाताने बसवला, खट्ट. सोडवला, खट्ट. लॉकही ठणठणीत. बटण दाबलं. डिकी पीप पीप करत खाली आली, अगदी शहाण्यासारखी, आणि बसायला तीन बोटं उरली असताना थांबली. पीप पीप पीप. परत वर.

काही गाड्यांची डिकी आपली उंची विसरते. तिला परत शिकवावी लागते. बटण दाबून धरायचं, मोठी शिट्टी वाजेपर्यंत. टेस्टरने शिकवली. ती शिकली. आली खाली, तीन बोटं उरली, गेली वर.

"बसली का?" गाडीवाला मागून म्हणाला.

"बघतोय साहेब."

"बघायला नाही बोलावलं तुला."

डिकीच्या दोन्ही कडांना रबराची पट्टी असते, त्यात सेन्सर. पोराबाळांचा हात मध्ये आला की पट्टीला कळतं आणि डिकी वर जाते. कधी कधी पट्टीच खराब होते आणि काही नसताना बोंबलते. टेस्टरला वाटलं, सापडला चोर. दोन्ही पट्ट्यांचे प्लग काढून टाकले आणि बटण दाबलं.

तीन बोटं. वर.

आता त्याने डोकं खाजवलं. पट्ट्या सुटल्यावर सुद्धा डिकी परत फिरते, म्हणजे मोटरलाच जोर लागतोय. म्हणजे खरंच काहीतरी मध्ये आहे. त्याने आत वाकून बघितलं. आत काही नव्हतं. सामान नाही, स्टेपनीवरची चटई नाही, नुसता पत्रा. धुतलेला. फिनेलचा वास नाकात जाईल असा. पहाटे निघणाऱ्या माणसाची एक पिशवी नाही की सुटकेस नाही.

त्याने मोटर बंद केली आणि डिकी हाताने दाबली. सगळं वजन टाकून. तीन बोटांवर ती अडली. पत्रा अडतो तशी नाही रे. पत्रा पत्र्याला लागला की टण्णकन लागतो. ही जरा दबली... आणि मग खालून हळूच वर ढकलली गेली.

टेस्टरने हात काढून घेतले.

"आधी बसली होती," गाडीवाला म्हणाला. तो आता जवळ येऊन उभा होता. "काल रात्री नीट बसली होती. मीच बसवली. सकाळी बघतो तर उघडी."

"आपोआप?"

"तिला सवय आहे. एका जागी बसायचं नाही."

आता कुठे टेस्टरच्या मनात पाल चुकचुकली. पण माणूस कसा असतो, शंकेवर हाताने पांघरूण घालतो. त्याने खिशातला खडू काढला. डिकीच्या आतल्या काळ्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फासला. जाड, गुलाबी रेघ. बटण दाबलं. डिकी खाली आली, तीन बोटांवर थांबली, वर गेली. टेस्टरने बॅटरी... टॉर्च रे, टॉर्च पेटवला आणि कडेवर मारला.

सगळीकडे खडू जसाच्या तसा. फक्त मधोमध पुसलेला.

चार जागी.

शेजारी शेजारी. बारीक, लांबट. कडेची एक आखूड, मधली जरा लांब.

आतून.

...

काय झालं? नाही, कुत्रं आहे ते रस्त्यावर. बस खाली.

गाडीवाल्याने विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही."

"काही नाही ना?" गाडीवाल्याने त्याच्या खांद्यावरून वाकून ती चार ठिकाणं बघितली. बराच वेळ बघितली. त्याला आश्चर्य वाटलं नाही, भीती वाटली नाही. चिडला तो. घरातल्या माणसावर चिडतात तसा. "मग बसव तिला."

"साहेब, हे माझ्याच्याने होणार नाही. उद्या कंपनीत दाखवा." टेस्टर पेटी उचलून वळला. फाटकाला कुलूप होतं. कधी लावलं, कळलंच नव्हतं त्याला.

"ती बसली की तू जाशील," गाडीवाला म्हणाला. "मोटरला थेट करंट दे. अक्कल आहे ना तेवढी? मध्ये काही आलं तरी परत फिरता कामा नये."

"कुणाचा हात सापडला तर तुटेल साहेब."

"कुणाचा हात आहे मध्ये? दिसतोय तुला?"

टेस्टरने परत एकदा आत बघितलं.

"दिसतोय का?"

"नाही."

पाचावर धारण बसलेला माणूस काय करणार? त्याला दिसत होती वहिनी, दारात उभी. दहा आणा. एकदा इथून सुटायचं, बस. त्याने आतलं कव्हर उघडलं, मोटरचा प्लग काढला, लाल वायर जोडली, आपली छोटी बॅटरी लावली, मध्ये दाबायचा स्विच टाकला. पण काम चोख केलं त्याने. वाईट काम करता येतच नव्हतं त्याला, हीच तर त्याची खोड. आता स्विच दाबला की डिकी खाली येणार. मध्ये पोर येवो, हात येवो, मान येवो, ती थांबणार नाही.

"झालं," तो म्हणाला.

गाडीवाल्याने स्विच आपल्या डाव्या हातात घेतला. "लॉकमध्ये काहीतरी चकाकतंय बघ. काढ ते."

टेस्टरने बघितलं. खरंच लॉकच्या खाचेत काहीतरी होतं. बांगडीचा तुकडा वाटला. मघाशी नव्हता, शपथेवर सांगायचा तो, मघाशी नव्हता. त्याने सवयीने उजवा हात आत घातला. सवय हो, दुसरं काय. मनगटापर्यंत.

आणि मोटर सुरू झाली.

त्याने वर बघितलं. डिकी येत होती. पीप नाही. काही नाही. नुसती घरघर. हात ओढला... बाही लॉकच्या आकड्यात अडकली. ओढला. अडकलेलीच.

"साहेब! साहेब, हात!"

गाडीवाला त्याच्याकडे बघत होता. अंगठा स्विचवरून हलला नाही.

"तू बघितलंस," तो म्हणाला.

डिकी मनगटाला टेकली. हाडाला. टेस्टरने डोळे मिटले...

आणि ती थांबली.

तीन बोटांवर.

मोटर किंचाळत होती. वायर तापून वास सुटला होता. डिकी थरथरत होती, पण खाली येत नव्हती. काहीतरी तिला धरून होतं. आतून. टेस्टरने ओढलं. बाही निघेना.

मग त्याच्या मनगटाला काहीतरी लागलं.

गार.

चार बोटं.

त्यांनी बाही सोडवली. टर्रकन. आणि त्याचं मनगट घट्ट धरून त्याला बाहेर ढकललं. बाहेर, जोरात, आई पोराला चुलीपासून ढकलते तसं. तो ओल्या जमिनीवर उताणा पडला.

पण कळतंय का तुम्हाला? त्याचं मनगट धरायचं म्हणजे डिकी सोडावी लागली.

...

खट्ट.

गाडीवाल्याने स्विच खाली ठेवला. हळूच. मग तो डिकीला कान लावून उभा राहिला, दार लावल्यावर आत बाळ झोपलंय का बघतात तसा. बराच वेळ.

"बसली," तो म्हणाला.

टेस्टरने फाटकावर उडी मारली. पन्नाशीचा माणूस, पोटाचा नगारा, पण चढला आणि पलीकडे पडला. पेटी आत, बॅटरी आत, कानावरचा टेस्टरही आत. जीव मुठीत घेऊन स्कूटरवर बसला. मागे वळून बघितलं नाही.

आता पुढचं आधी सांगतो, कारण शेवटचं मला शेवटीच सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला, आम्ही दोघं पोलिसांत गेलो. दोन पोलीस आमच्याबरोबर आले. पहाटे निघणार होता तो गाडीवाला घरीच. शर्ट इस्त्रीचा. चहा विचारला त्याने सगळ्यांना, टेस्टर सोडून. पोलिसांनी डिकी उघडायला सांगितली. बटण दाबलं, उघडली. रिकामी. लाल वायर नाही, बांगडीचा तुकडा नाही. पोलिसाने आत डोकं घालून बघितलं. मग परत बटण दाबलं. पीप पीप पीप, खाली आली आणि पहिल्या फटक्यात बसली.

"बसते की हो!" पोलीस म्हणाला.

मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चार वेळा उघडली, चार वेळा बसली. मध्ये कुणीच नव्हतं.

"घरात आणखी कोण असतं?" दुसऱ्या पोलिसाने विचारलं.

"बायको. गेली माहेरी." गाडीवाला टेस्टरकडे बघून बोलला. "घरात ती बसतच नव्हती."

टेस्टर मटकन खाली बसला. पोलिसांनी पायरीशी ठेवलेली पेटी त्याच्या हातात दिली, "तुझीच ना?" आणि आम्हाला वाटेला लावलं. तिच्या माहेरी कुणी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. महिन्याभरात त्या घराला भाड्याची पाटी लागली. गाडीही गेली. आजही कुणाच्या तरी दारात उभी असेल ती, पहिल्या फटक्यात बसणारी.

आपल्या वायरने बसली ती, एवढंच टेस्टर वर्षभर बोलायचा. माझ्या वायरने बसली रे. मी त्याला म्हणायचो, अरे तिने तुला वाचवलं. तो म्हणायचा, तेच तर.

पण मग चार वेळा डिकी बसली, तेव्हा ती मध्ये का नव्हती? मी फार दिवस डोकं खाजवलं यावर. मग त्या रात्रीचं वहिनीने मला सांगितलं, आणि मी विचारायचं सोडून दिलं.

टेस्टर घरी पोचला तेव्हा अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. वहिनी दारात. ह्याच्या कपड्यांना चिखल, बाही फाटलेली. तिचा जीव उडाला. काय झालं म्हणून विचारण्याआधी तिने आधी त्याचे पंजे ओढून उजेडात धरले.

"एक, दोन, तीन..." मोजत गेली. "आठ, नऊ, दहा." आणि ओक्साबोक्शी रडली. "दहा आहेत. दहा आहेत हो."

मग तिची नजर मनगटावर गेली. ती रडता रडता हसली. "आणि हे काय? कुणाचा हात धरून आलात? माझाच खडू दिसतोय."

मनगटाभोवती गुलाबी ठसे. बारीक, लांबट. कडेचा आखूड, मधला जरा लांब. तिने पदराने पुसले. पदर गुलाबी झाला. ठसे तसेच. तिने पाण्याने धुतले, साबणाने घासले. पाणी गुलाबी झालं. ठसे तसेच. तिने आपली बोटं त्यांच्यावर ठेवून बघितली. तिची बोटं जाड. बसेनात.

वहिनीने हळूच विचारलं, "दहा तुमची. ही चार कुणाची?"

टेस्टरने दार लावून घेतलं. हाताने. आणि लावताना, त्याला स्वतःला कळलं की नाही देव जाणे, पण वहिनीला दिसलं... कुणालातरी आत येऊ द्यावं तसा तो जरा थांबला.

त्याला जाऊन चार वर्षं झाली. त्याला उचलायच्या आधी मी त्याचा हात हातात घेतला होता. मी मनगटावरून अंगठा फिरवला.

माझ्या अंगठ्याला गुलाबी खडू लागला.